‘रहमान’, ‘रहीम’ आणि खानदेश

जळगाव, विशेष प्रतिनिधी

जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ‘रहीमभाई’ अशी हाक कानी पडली, की ऐकणाऱ्याला त्या माणसाचा धर्म तत्क्षणी कळतो. त्या नावाचा अर्थ मात्र शंभरात चार-दोघांनाही सांगता येईल की नाही, याची शंका आहे. रहीम, करीम, रज्जाक, लतीफ, जब्बार ही नावे खानदेशच्या कानाला किमान सहाशे वर्षे परिचित आहेत. ती शेजाऱ्यांची नावे आहेत, वर्गमित्रांची आहेत, केळीच्या वखारीतील भागीदारांची आहेत. वस्तुत: ही माणसांची नावे नव्हेतच. ही ईश्वराची नावे आहेत, आणि माणसाने ती एका विशिष्ट अटीवर धारण केलेली आहेत.

नावावरून धर्म ओळखायचा आणि तिथेच थांबायचे, ही सवय निरुपद्रवी नाही. धुळे शहराने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा ६ जानेवारी २०१३ रोजी दंगलीचा दाह अनुभवला आहे. अशा दिवसांत नाव हीच माणसाची एकमेव ओळख ठरते. शब्दाचा अर्थ कळल्याने दंगली थांबतात, असा भाबडा दावा कुणी करणार नाही. तथापि, ज्या नावाचा अर्थच ‘दया’ आहे ते नाव भीतीचे किंवा संशयाचे निमित्त व्हावे, हा विरोधाभास लक्षात येण्यासाठी तरी तो अर्थ ठाऊक असायला हवा.

धातू एक, रूपे दोन

संस्कृतात जसे धातूपासून शब्द तयार होतात, तसेच अरबीतही होतात. फरक इतकाच, की अरबी धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो आणि ठरावीक साच्यांत स्वर भरून त्यापासून शब्द घडवले जातात. ‘र-ह-म’ हा असाच एक धातू. त्यापासून ‘रहमत’ म्हणजे कृपा किंवा दया हा शब्द आला. मराठीत आपण वापरतो ते ‘रहम’, ‘रहमदिल’ आणि ‘बेरहम’ हे शब्दही त्याच कुळातले. ‘रहमान’ आणि ‘रहीम’ ही याच धातूची दोन रूपे होत.

कुराणाच्या ११४ अध्यायांपैकी ११३ अध्यायांच्या प्रारंभी ‘बिस्मिल्लाह’चे वाक्य येते. त्यात अल्लाह या नावानंतर लगेच रहमान आणि रहीम ही दोन विशेषणे आहेत. अपवाद फक्त नवव्या अध्यायाचा. मात्र सत्ताविसाव्या अध्यायात हे वाक्य मजकुरातही आल्याने एकूण संख्या पुन्हा ११४ होते. जेवणाचा पहिला घास, दुकानाचे कुलूप, परीक्षेची उत्तरपत्रिका, प्रवासाचा आरंभ, अशा प्रत्येक ठिकाणी श्रद्धावान मुसलमान हे वाक्य उच्चारतो. म्हणजेच दया दर्शविणारे हे दोन शब्द तो दिवसातून कित्येकदा म्हणतो.

दोन्ही शब्दांचा अर्थ ‘दयाळू’ असाच असेल, तर एकाच वाक्यात ते दोनदा कशासाठी? हा प्रश्न अरबी व्याकरणकारांना आणि भाष्यकारांनाही पडला होता. ‘रहमान’ ज्या साच्यात घडला आहे, त्या साच्यातील शब्द काठोकाठ भरलेली अवस्था दाखवतात. ‘अतशान’ म्हणजे तहानेने व्याकूळ झालेला, ‘गजबान’ म्हणजे संतापाने भरलेला. त्याच रीतीने ‘रहमान’ म्हणजे दयेने ओथंबलेला. ‘रहीम’चा साचा ‘करीम’ किंवा ‘अलीम’ या शब्दांचा आहे. तो स्थायी गुण दाखवतो. ‘रहीम’ म्हणजे जो सातत्याने दया करीत राहतो तो. मराठीत जवळचे प्रतिशब्द शोधायचे झाल्यास ‘रहमान’ला ‘दयाघन’ आणि ‘रहीम’ला ‘दयाळू’ म्हणता येईल. ढग भरून येणे आणि पाऊस पडत राहणे, असा हा भेद आहे.

अनेक भाष्यकारांनी याहून पुढचा एक भेद केला. त्यांच्या मते ‘रहमान’ची दया सरसकट आहे. ती श्रद्धावानावर असते, तशीच नाकारणाऱ्यावरही असते. माणसावर असते, तशी पशुपक्ष्यांवरही असते. ऊन, पाऊस, श्वास आणि अन्न देताना ती कुणाचा धर्म विचारत नाही. ‘रहीम’ची दया मात्र विशेष असून ती श्रद्धावानांच्या वाट्याला येते. सर्वच विद्वानांना ही विभागणी मान्य आहे असे नाही. काहींच्या मते पहिला शब्द ईश्वराच्या स्वरूपाविषयी, तर दुसरा त्याच्या कृतीविषयी बोलतो. परंतु क्रमाबाबत मतभेद नाही. सर्वांना व्यापणारी दया आधी, विशेष दया नंतर.

गर्भाशयाशी नाते

अरबीत ‘रहिम’ या शब्दाचा मूळ अर्थ गर्भाशय असा आहे. त्यावरूनच रक्ताच्या नात्यालाही ‘रहिम’ म्हणतात. अरबीची भगिनी असलेल्या हिब्रू भाषेतही हाच संबंध दिसतो. तेथे ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय आणि ‘रहमीम’ म्हणजे दया. आईच्या उदरात वाढणाऱ्या जिवाभोवती जे संरक्षण आणि पोषण असते, त्यावरून दयेची कल्पना घडली, असा याचा सरळ अर्थ.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. आपला ‘वात्सल्य’ हा शब्द ‘वत्स’ म्हणजे वासरू यावरून आला आहे. गाय आणि वासरू यांच्या ओढीतून आपल्या भाषेने प्रेमाचे एक नाव घडवले. अरबीने ते गर्भाशयातून घडवले. वारकरी ज्या भावनेने विठ्ठलाला ‘माउली’ म्हणतो, त्या भावनेपासून हा शब्द फार दूर नाही. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरहून दरवर्षी पंढरपूरला पालखी जाते, ती ज्या संत मुक्ताबाईंची, त्यांच्या नावालाही लोकांनी ‘आई’ जोडलीच आहे.

हदीस म्हणजे प्रेषित मुहम्मद यांच्या उक्ती-कृतींचे संकलन. त्यात या नात्याचा उलगडा करणारे काही प्रसंग आहेत. युद्धकैद्यांमधील एक स्त्री आपले हरवलेले मूल शोधत सैरभैर फिरत होती. मूल सापडताच तिने त्याला छातीशी धरले. ही बाई आपल्या मुलाला आगीत टाकेल काय, असे प्रेषितांनी सोबत्यांना विचारले. कदापि नाही, असे उत्तर मिळाल्यावर ते म्हणाले, की या आईची आपल्या मुलावर जितकी माया आहे, त्याहून अधिक ईश्वराची आपल्या दासांवर आहे. दुसऱ्या एका हदीसनुसार ईश्वराने दयेचे शंभर भाग केले, नव्व्याण्णव स्वत:जवळ ठेवले आणि एकच पृथ्वीवर पाठवला. त्या एका भागामुळेच घोडी आपल्या शिंगरावर पाय पडू नये म्हणून खूर उचलून धरते.

या व्युत्पत्तीला आचाराची जोडही आहे. ईश्वराने रक्ताच्या नात्याचे नाव आपल्या नावातून काढले, म्हणून जो नाते जोडतो त्याला ईश्वर जोडून घेतो आणि जो तोडतो त्याला दूर करतो, असे एका हदीसमध्ये सांगितले आहे. नातलगांशी संबंध राखणे हे इस्लाममध्ये कर्तव्य मानले जाते, ते याच आधारावर.

एका नावावरून झालेला वाद

आज ‘रहमान’ हे नाव इस्लामचे म्हणून ओळखले जात असले, तरी मक्केतील कुरैश टोळीच्या प्रमुखांना ते अनोळखी वाटत होते. दक्षिण अरबस्तानात, म्हणजे आजच्या येमेनमध्ये, इस्लामच्या आधीच्या शिलालेखांत एकमेव ईश्वरासाठी ‘रहमानान’ हे नाव आढळते. तेथील ज्यू आणि पुढे ख्रिस्ती राज्यकर्तेही ते वापरीत. मक्केत मात्र ‘अल्लाह’ हे नाव रुळलेले होते.

इ. स. ६२८ मध्ये प्रेषित मुहम्मद आणि कुरैश यांच्यात हुदैबिया येथे तह झाला. तहनाम्याचा आरंभ ‘बिस्मिल्लाह’च्या वाक्याने होताच कुरैशांचे प्रतिनिधी सुहैल बिन अम्र यांनी हरकत घेतली. हा रहमान कोण ते आम्हाला ठाऊक नाही, पूर्वापार पद्धतीने ‘हे ईश्वरा, तुझ्या नावाने’ एवढेच लिहा, असा त्यांचा आग्रह होता. सोबत्यांना तो पटला नाही. परंतु प्रेषितांनी तो मान्य केला आणि तह झाला. ईश्वराच्या नावासाठी तह मोडण्याऐवजी तहासाठी नावाचा आग्रह सोडल्याची ही नोंद इस्लामी इतिहासात आदराने सांगितली जाते.

अल्लाह म्हणा किंवा रहमान म्हणा, कोणत्याही नावाने हाक मारली तरी सर्व उत्तम नावे त्याचीच आहेत, असा निर्वाळा कुराणाच्या सतराव्या अध्यायात दिलेला आहे. पंचावन्नावा अध्याय तर ‘अर्-रहमान’ याच नावाने ओळखला जातो. त्यात ईश्वराच्या देणग्यांची गणना करताना एक प्रश्न ३१ वेळा आवर्तनासारखा येतो.

नव्व्याण्णव नावे

ईश्वराची नव्व्याण्णव नावे आहेत आणि जो ती जतन करील तो स्वर्गात जाईल, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत आहे. प्रत्यक्ष यादी मात्र तिरमिजी यांच्या संग्रहात येते, आणि याद्यांमध्ये थोडाफार फरक आढळतो. नव्व्याण्णव ही मर्यादा नसून ईश्वराची नावे त्याहून अधिक आहेत, असे बहुसंख्य विद्वान मानतात. जपमाळेत ९९ किंवा ३३ मणी असतात, ते याच गणनेशी जुळतात. ‘जतन करणे’ म्हणजे नुसती घोकंपट्टी नव्हे, हा मुद्दा अकराव्या-बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ अल्-गझाली यांनी या नावांवरील आपल्या ग्रंथात मांडला. प्रत्येक नावातला माणसाला झेपेल तेवढा वाटा त्याने आपल्या आचरणात आणावा, असे त्यांचे म्हणणे. ‘रहीम’ म्हणणाऱ्याने स्वत: गरजूवर दया केली नाही, तर त्याने ते नाव केवळ उच्चारले, असा त्याचा रोख आहे.

बऱ्हाणपूरच्या भिंतीवर

अरबी ईश्वरनामांचे भारतीय भाषेत काय करायचे, हा प्रश्न खानदेशात सव्वाचारशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, आणि त्याचे एक उत्तर दगडावर कोरलेले आहे.

खानदेशात १३८२ ते १६०१ या काळात फारुकी घराण्याचे राज्य होते. या घराण्याचा संस्थापक मलिक राजा याची राजधानी तापीकाठच्या थाळनेरला होती. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील या गावात फारुकी सुलतानांच्या कबरी आजही उभ्या आहेत. मलिक राजाचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला आणि सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने बऱ्हाणपूर वसवले. आज हे शहर मध्य प्रदेशात असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने ते खानदेशचेच.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आदिलशाह फारुकी ऊर्फ राजा अलीखान याच्या काळातील अरबी लेखासोबत एक संस्कृत लेखही आहे. त्यावर विक्रम संवत १६४६ व शके १५११ असा काळ दिलेला असून तो इ. स. १५९० च्या जानेवारीशी जुळतो. मशिदीच्या उभारणीची तिथी आपल्या पंचांगाच्या रीतीने त्यात नोंदवली आहे. आरंभी सृष्टिकर्त्याला नमन आहे. पुढे, जो दिसत नाही पण सर्वत्र भरलेला आहे, जो गुणांच्या पलीकडे आहे आणि दृश्य जगाचे कारण आहे, अशा ईश्वराला वंदन केलेले आहे. आकाशात चंद्र-सूर्य-तारे असेतोवर फारुकी वंश नांदो, अशी प्रार्थना करून मग राजांची वंशावळ दिली आहे.

लेख रचणाऱ्याने येथे कोणती निवड केली, हे पाहण्यासारखे आहे. त्याने अरबी नाव देवनागरीत जसेच्या तसे उतरवले नाही, आणि एखाद्या अवताराचे किंवा देवतेचे नावही घेतले नाही. कुराणात ईश्वराला ‘खालिक’ म्हणजे निर्माता म्हटले आहे. ‘सृष्टिकर्ता’ हा त्याचा नेमका प्रतिशब्द होय. ‘जाहिर’ म्हणजे प्रकट आणि ‘बातिन’ म्हणजे गुप्त, ही ईश्वराची जोडनावे कुराणात येतात. संस्कृत तत्त्वचिंतनातील व्यक्त आणि अव्यक्त ही जोडी त्यांच्या अगदी शेजारी बसते. मुसलमान वाचकाला त्यात आपल्या श्रद्धेला बाध आणणारे काही आढळणार नाही आणि संस्कृत जाणणाऱ्यालाही तो परका वाटणार नाही, अशी ती भाषा आहे.

याच बऱ्हाणपुरात मुहम्मद बिन फजलुल्लाह या सुफी विद्वानांनी त्याच १५९० या वर्षी अरबीत एक छोटा ग्रंथ लिहिला. ‘तुहफा’ या नावाने तो ओळखला जातो. अव्यक्त ईश्वरापासून व्यक्त जगापर्यंत अस्तित्वाच्या सात पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत. हा विचार इब्न अरबी या थोर सुफी तत्त्वज्ञाच्या परंपरेतला. त्या परंपरेत जगाची निर्मिती म्हणजे ‘रहमानचा नि:श्वास’ मानली जाते. खानदेशात लिहिलेला हा ग्रंथ पुढे समुद्रापार सुमात्रा आणि जावा बेटांपर्यंत पोहोचला व तेथे त्यावर भाष्ये झाली.

रहीमचा दास, खानदेशचा सुभेदार

हिंदीच्या पाठ्यपुस्तकात दोहे वाचलेल्या प्रत्येकाला ‘रहीम’ हा कवी माहीत असतो. त्याने आयुष्यातली अनेक वर्षे बऱ्हाणपुरात काढली, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नसते. अब्दुर्रहीम खानखानान (१५५६-१६२७) हा बैरामखानाचा मुलगा, अकबराच्या दरबारातील मातब्बर सरदार आणि दख्खनच्या मोहिमांचा सेनापती. बऱ्हाणपूरची प्रसिद्ध भूमिगत पाणीयोजना, म्हणजे कुंडी भंडारा, त्याच्याच कारकिर्दीत १६१५ च्या सुमारास झाली.

मशिदीवर संस्कृत लेख कोरवणारा राजा अलीखान १५९७ मध्ये गोदावरीकाठी आष्टीच्या लढाईत याच खानखानानच्या बाजूने लढताना मारला गेला. पुढे १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि चंद्र-सूर्य असेतोवर नांदावयाचे फारुकी राज्य त्या लेखानंतर अकराच वर्षांत संपले.

‘अब्दुर्रहीम’ म्हणजे रहीमचा, अर्थात दयाळू ईश्वराचा, दास. कवी म्हणून त्याने ‘रहीम’ एवढेच नाव घेतले. दोह्यांत येणारे ‘रहिमन’ हे ब्रज वळणाचे रूप आहे. त्याचा ‘रहमान’शी घोटाळा करू नये. परंतु ईश्वराचे नाव माणसाने असे थेट घ्यावे काय? येथे ‘रहमान’ आणि ‘रहीम’ यांतला आणखी एक भेद उपयोगी पडतो. ‘रहमान’ हे नाव केवळ ईश्वराचे आहे. ते कुणाही माणसाला नुसते देता येत नाही, असे धर्मशास्त्र सांगते. ‘रहीम’ हा गुण माणसातही असू शकतो. खुद्द कुराणात प्रेषितांसाठी हे विशेषण आलेले आहे. म्हणून एखाद्याला नुसते ‘रहीम’ म्हणणे चालते. ‘रहमान’ मात्र ‘अब्दुर्रहमान’ असेच हवे. महाराष्ट्राचे १९८० ते १९८२ या काळातील मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांच्या नावातील दोन आद्याक्षरे ‘अब्दुल रहमान’ची होती, हे किती जणांच्या ध्यानात असेल?

मराठीत मुरलेली नावे

अरबी ईश्वरनामांशी आपला परिचय केवळ शेजाऱ्यांमुळे झालेला नाही. ती आपल्या रोजच्या भाषेत आहेत. कुराणाच्या सत्तावन्नाव्या अध्यायात ईश्वराला एकाच वाक्यात अव्वल, आखिर, जाहिर आणि बातिन, म्हणजे पहिला, अखेरचा, प्रकट आणि गुप्त, म्हटले आहे. यांपैकी पहिली तीन नावे मराठी माणूस रोज वापरतो. तहसील कचेरीत वर्षानुवर्षे ‘अव्वल कारकून’ असायचा, मार्च ‘अखेर’ हिशेब पूर्ण होतो आणि निवडणुकीत ‘जाहीर’ सभा होते.

यादी येथेच संपत नाही. ‘हक्क’ हे नाव ईश्वराचे, अर्थ परम सत्य. ‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर सर्व भार सोपवावा तो. ‘वारिस’ म्हणजे सर्व नष्ट झाल्यावर उरणारा. ‘वारस’ नोंदीतला शब्द हाच. ‘फत्ताह’ म्हणजे बंद दारे उघडणारा. त्याच धातूतून ‘फत्ते’ आली आणि जामनेर तालुक्यातल्या फत्तेपूरपर्यंत पोहोचली. ‘मुसव्विर’ म्हणजे रूप देणारा. ‘तसबीर’ त्याच्याच कुळातली. ‘हसीब’ हिशेब ठेवणारा, ‘खालिक’ खलक निर्माण करणारा.

‘जब्बार’ची कथा विशेष उद्बोधक आहे. मराठीत ‘जब्बर’ म्हणजे प्रचंड. अरबीत या नावाचा एक अर्थ सामर्थ्यशाली असा आहेच. पण ‘जब्र’ म्हणजे मोडलेले हाड सांधणे असाही अर्थ आहे. बीजगणिताचे ‘अल्जिब्रा’ हे नावही याच शब्दावरून आले. म्हणून अनेक भाष्यकार ‘जब्बार’चा अर्थ ‘मोडलेल्याला पुन्हा सांधणारा’ असाही करतात. धाक वाटावा अशा या नावाच्या पोटातही पुन्हा दयाच निघते.

७८६ चे गणित

रिक्षा, ट्रक, दुकानाची पाटी किंवा लग्नपत्रिका यांवर ‘७८६’ हा आकडा आपण पाहतो. त्यामागेही रहमान आणि रहीमच आहेत. जुन्या अरबी पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक अंक दिलेला असतो. ‘बिस्मिल्लाह’च्या वाक्यातील ‘बिस्म’च्या अक्षरांची बेरीज १०२, ‘अल्लाह’ची ६६, ‘अर्-रहमान’ची ३२९ आणि ‘अर्-रहीम’ची २८९ येते. चारही मिळून होतात ७८६. पवित्र शब्द लिहिलेला कागद पायदळी येऊ नये, यासाठी त्याऐवजी आकडा लिहिण्याची प्रथा भारतीय उपखंडात रूढ झाली. कुराण किंवा हदीसमध्ये या आकड्याचा उल्लेख नाही आणि अनेक उलेमांना ही प्रथा मान्यही नाही. तरीही ७८६ ने संपणारी नोट जपून ठेवणारे लोक केवळ एकाच धर्माचे आहेत, असे मात्र नाही.

‘अब्दुल’ नावाचा माणूस नसतो

आता या साऱ्याची व्यावहारिक बाजू. ‘अब्द’ म्हणजे दास आणि ‘उल’ हा षष्ठीसह येणारा उपपदाचा भाग. ‘अब्दुल’ म्हणजे ‘च्या दास’ नव्हे, तर ‘अमक्याचा दास’ यातला अमका गाळून उरलेला तुकडा. ‘रामदास’मधील राम काढून टाकावा आणि त्या गृहस्थाला जन्मभर ‘दास’ म्हणावे, तसा हा प्रकार. ‘अब्दुल कादिर’ म्हणजे सर्वशक्तिमानाचा दास, ‘अब्दुल रज्जाक’ म्हणजे अन्नदात्याचा दास. अरबी उच्चारात ‘र’, ‘स’ यांसारख्या अक्षरांपूर्वी ‘ल’ लोपतो, म्हणून ‘अब्दुर्रहमान’, ‘अब्दुस्सलाम’. आपल्याकडे मात्र ‘अब्दुल रहमान’ असेच रूढ आहे. ‘अबुल’ हा शब्द तर पूर्णत: वेगळा, त्याचा अर्थ ‘चा पिता’. मौलाना आझाद हे ‘अबुल कलाम’, तर माजी राष्ट्रपती हे ‘अब्दुल कलाम’. जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये ज्यांच्यानंतर राष्ट्रपती झाल्या, त्यांच्या नावात वृत्तपत्रांनीही हा घोटाळा पुष्कळदा केला.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. आपल्या अर्जांत स्वत:चे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात. खानदेशातील अनेक मुस्लिम कुटुंबांत मात्र ‘शेख रहीम शेख करीम’ किंवा ‘रहीम खान करीम खान’ अशी नाव लिहिण्याची रीत आहे. त्यात ‘अब्दुल’ आला, की लिपिकाची त्रेधा उडते. एका कागदावर ‘अब्दुल रहीम’, दुसऱ्यावर ‘रहीम’, तिसऱ्यावर ‘अ. रहीम’ अशी नोंद होते. चौथ्या ठिकाणी ‘अब्दुल’ हे नाव आणि ‘रहीम’ हे वडिलांचे नाव ठरते. मराठी याद्यांतील ‘अ.’, ‘शे.’, ‘मो.’ ही संक्षिप्त रूपे इंग्रजीत उतरताना नुसती अक्षरे होऊन बसतात. शाळेचा दाखला, शिधापत्रिका, मतदार यादी आणि आधार कार्ड यांवरील नावे जुळली नाहीत, की वारस नोंद, शिष्यवृत्ती किंवा पारपत्र अडते. मग प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातील जाहीर सूचना आणि राजपत्रातील नावबदल, असा खर्चाचा आणि हेलपाट्यांचा मार्ग उरतो. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा तालुक्यांत राहणाऱ्या तडवी भिल्ल समाजातही इस्लामी नावे प्रचलित आहेत. तेथील मजुरी बुडवून तालुक्याला येणाऱ्या माणसाला एका अक्षराची ही किंमत फार पडते.

उपाय अवघड नाही. ‘अब्दुल’ आणि त्यापुढील ईश्वरनाम हे मिळून एकच नाव आहे, हे नोंद करणाऱ्याने लक्षात ठेवावे आणि दोन्ही शब्द एकाच रकान्यात लिहावेत. पालकांनी जन्मनोंदणीच्या वेळीच नाव पूर्ण द्यावे आणि पुढे प्रत्येक कागदावर त्याचे तेच शुद्धलेखन ठेवावे. हाक मारताना ‘अब्दुल’ऐवजी ‘रहीमभाई’, ‘कादिरभाई’ म्हणावे.

चौकट : नावे आणि अर्थ

रहमान : दयेने ओथंबलेला
रहीम : सतत दया करणारा
करीम : उदार
रज्जाक : उपजीविका देणारा
गफूर, गफ्फार : क्षमा करणारा
लतीफ : सूक्ष्म जाणणारा, हळुवार कृपा करणारा
कादिर : सर्वशक्तिमान
हमीद : स्तुतीस पात्र
सलाम : शांती देणारा
हफीज : रक्षण करणारा
वहाब : भरभरून देणारा
मजीद : महिमावान
सत्तार : दोष झाकणारा (तिरमिजींच्या यादीत नाही; तरीही लोकप्रिय)

ही यादी पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. खानदेशातील आईबापांनी आपल्या मुलांसाठी पिढ्यान्पिढ्या जी ईश्वरनामे निवडली, त्यांत शिक्षा करणारा किंवा सूड घेणारा ईश्वर जवळजवळ नाही. देणारा, झाकणारा, सांभाळणारा आणि क्षमा करणारा ईश्वरच त्यांनी पाळण्यात निवडला. बऱ्हाणपूरच्या कारागिराने तोच ईश्वर संस्कृतात कोरला, आणि आपण तहसील कचेरीत त्याच्याच नावांनी रोजचे व्यवहार करतो. शेजाऱ्याचे नाव पुरते घेतले, तर त्या नावातली दयाही पुरती उच्चारली जाईल.